रामलिंगाच्या वाटेवरचं शेत

कार्तिक वद्य ४, शके १८६७

आज परत गेले. परत तेच! धुरपताबाई नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. "बघू की. तुरी तर निघू दे." लावलं वाटेला.

शेत मुळात आमचंच. रामलिंगाच्या वाटेवरचं. अप्पांना मुलगा नव्हता. थकले तसं त्यांनी ते धुरपताबाईच्या मालकांना विकून टाकलं. मी तेव्हा सासरी — मला विचारतो कोण! आता तिचे मालक नाहीत, मुलगा श्रीमंत सोलापुरात गिरणीत. तो आईला तिकडं बोलावतो आहे. म्हणजे आज ना उद्या विकणार. मग मलाच का नको? आमचे हे वारल्यावर इतकी वर्षं येडशीच्या दुकानात कापड फाडत बसले, ते कशासाठी?

मार्गशीर्ष शुद्ध ९

गुळाची ढेप घेऊन गेले. म्हातारी हसली — "गूळ चारून शेत काढती व्हय गं?"

लाजले!

मार्गशीर्ष वद्य २

धाकटे दीर सिद्धलिंग रागावले. "बाईमाणसानं असे खेटे घालावेत का? मी बोलतो तिच्याशी." नको म्हटलं. त्यांना जमीन दिसते. मला चिंचेखालची ती जागा दिसते — कापूस वेचून आली की माझी आई, अव्वा, तिथं पाय पसरून बसायची, आणि मी तिच्या केसांतला कचरा काढायची. भावजी त्याचा काय भाव करणार?

मार्गशीर्ष अमावस्या

येळवस, शेताच्या पूजेचा सण. बोलावणं धुरपताबाईनंच धाडलं! शेतात कडब्याची कोप उभारलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. श्रीमंतही आला होता. तो आंबील शिंपडत पुढं, आम्ही मागं. "ओलगे ओलगे" — शेताला फेरी घालतानाची ती आरोळी मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की धुरपताबाई थांबून बघायलाच लागली.

"तुझे अप्पा असंच वरडायचे का?"

"अप्पा लाजायचे. ओरडायची ती अव्वा."

दोघी हसत सुटलो. मग हळूच म्हणाली, "मालक ती चिंच तोडणार हुते. म्याच तोडू दिली न्हाय."

आज विकण्याचा विषय काढलाच नाही.

माघ शुद्ध ६

हो म्हणाली!! "सुगी झाली की कर कागद. सावलीला कोण बसणार ते ठाऊक असलं म्हंजी बरं."

चैत्र शुद्ध ११, शके १८६८

धाराशिवला खरेदीखत झालं. सगळा मजकूर उर्दूत. मुन्शीनं वाचून दाखवला, आम्ही दोघींनी माना हलवल्या. तिनं अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली.

सोलापूरला जायला तिला येडशीहून गाडीत बसवून दिलं. खिडकी शेताच्या बाजूची मिळाली होती — ही मुद्दाम पाठ करून बसली.

चैत्र वद्य ५

चिंचेखाली पाय पसरून बसले. दुपारभर. अव्वा आठवावी म्हणून बसले, आणि आठवत राहिली ती धुरपताबाईच!

ज्येष्ठ शुद्ध ३

सकाळच्या गाडीनं धुरपताबाई आली. एकटीच, बोचकं घेऊन. दुकानाच्या पायरीवर बसली. पाणीसुद्धा घेईना.

"प्रेमा, शेत परत देती का? न्हायतर मला राखणीला तरी ठेव."

दुकानाला कुलूप घातलं. दोघींना शेतावर जायला बैलगाडी जुंपायला सांगितली आहे.