डाव्या बाजूची पिन

माय, तुझ्या नातीला मुलगी झाली, त्याला आज बारा दिवस झाले. बाळंतपणाला ती इथेच, पवनीला, माझ्याकडे आली आहे. मी तुला लहानपणी माय म्हणायचे, शाळेत नोकरी लागल्यावर चार लोकांत आई म्हणायला लागले, आणि तू त्यावर कधी काही बोलली नाहीस. आज पुन्हा माय म्हणतेय, ऐकायला जवळ कोणी नाही म्हणून. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत तुझी आठवण आली नाही असं नाही, पण तुला काही सांगावं असं वाटलं नाही. जे सांगायला हवं होतं ते मी फार हुशारीने बाजूला सारून ठेवलं होतं. काल दुपारी ते पुन्हा समोर आलं, आणि मी पुन्हा तेच केलं. म्हणून हे लिहायला बसले.

पोरीच्या उजव्या बाजूला दूध भरपूर आहे, डाव्या बाजूला बेताचंच. बाळही कमी लबाड नाही. डावीकडे धरलं की दोन घोट घेतं, मग तोंड फिरवतं आणि घर डोक्यावर घेतं. उजवीकडे लावलं की गप्प. पोर बिचारी रडवेली होते, मोबाइलमध्ये किती वाजता कुठल्या बाजूला किती मिनिटं पाजलं ते लिहीत बसते, आणि मला विचारते, "आई, माझंच असं का गं?" मी तिला म्हणते, होतं असं बऱ्याच जणींना. बऱ्याच जणींना म्हणते, मला झालं होतं असं म्हणत नाही. ते तिला ठाऊक आहे म्हणा. ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी सांगितलं तसं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी हीच पोर माझ्या पोटी आली, तेव्हा रीतीप्रमाणे मी कोंढ्याला तुझ्याकडे यायला हवं होतं. आले नाही. दवाखाना जवळ हवा, रस्ता खराब आहे, अशी कारणं मी दिली. खरं कारण हे की शाळेतल्या बाई बाळाला बघायला तुझ्या सारवलेल्या घरात येतील, पोत्यावर बसतील, याची मला लाज वाटत होती. मग तूच आलीस, एसटीच्या लाल गाडीतून उतरून, एका हातात नव्या तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात मेथीच्या लाडवांचा डबा. माझ्या गॅसला तू बिचकायचीस. दुसऱ्याच दिवशी मागच्या अंगणात तीन विटा मांडून चूल केलीस आणि त्यावर पेज शिजवायला लागलीस. तूप घातलेली ती पेज, वर लसणाची फोडणी. घरभर धूर येतो म्हणून मी कुरकुर करायचे आणि दोन वाट्या संपवायचे.

आणि ती पिन. तुझ्या काचेच्या बांगड्यांत नेहमी दोन-तीन सेफ्टी पिना लटकलेल्या असायच्या. त्यातली एक काढून तू माझ्या गाऊनला छातीपाशी लावलीस. "लक्षात राहत नाई बाई, झोपमोडीत," तू म्हणालीस. "ज्या बाजूले पिन, तिकडून सुरू करायचं. पाजून झालं का पिन दुसऱ्या बाजूले." मला ते बावळटपणाचं वाटलं, पण लावू दिली. पाजून झालं की तूच येऊन पिन बदलायचीस, पोरीला खांद्यावर घेऊन पाठीवर थापटायचीस. पहिला आठवडा असा गेला. मग कधीतरी तू पिन बदलायची थांबलीस. ती डावीकडेच राहायला लागली, आणि डावीकडेच माझं दूध कमी होतं. पोर तिकडे जोर लावायची, ओढायची, चिडायची. मला वाटलं तू विसरतेयस. म्हातारी झालीस असं वाटलं, आणि तू तेव्हा आज मी आहे त्याहून लहान होतीस.

तेव्हाचा सतरावा दिवस आहे. आम्ही पोरीचं वजन करून आलो आहोत. डॉक्टर म्हणाले, वजन जरा कमी वाढलंय, घाबरू नका, पाजत राहा, आठ दिवसांनी परत या. घाबरू नका म्हटलं की मी घाबरतेच. घरी शाळेतल्या बाई येऊन बसल्या आहेत, डब्याचं दूध किती चांगलं असतं ते सांगत आहेत. मी पोरीला घेते, बघते, तर पिन डावीकडे. सकाळीही डावीकडेच होती. माझा तोल जातो. त्या बाईंच्या देखत मी तुला म्हणते, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दोन दिवस झाले, पिन एकाच बाजूला! एवढं साधं लक्षात राहत नाही तर आलीस कशाला? माझं बाळ उपाशी राहतंय तुझ्यापायी." तू दारात उभी आहेस, हाताला राख लागलेली. तू हात लुगड्याला पुसतेस, जवळ येतेस, माझ्या गाऊनची पिन काढतेस आणि आपल्या बांगडीत अडकवतेस. त्या बाई चहाच्या कपात बघत बसतात. तू चुलीकडे परत जातेस, आणि मला आठवतं, त्या दिवशीही तू पेज शिजवलीस आणि मी खाल्ली.

सव्वा महिना राहायला आलेली तू दुसऱ्या दिवशी सकाळी निघालीस. ह्यांनी गाडीपर्यंत सोडायला सायकल काढली होती. मी पोरीला घेऊन ओट्यापर्यंत आले. तू पायरी उतरलीस, पुन्हा चढलीस, आणि हळूच, ह्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालीस, "मी इसरलो नवतो बाई. आपली थे उंचावरची बांधी हाय ना, तलावाचं पानी आलं का आपन तिले पयले काहून भिजवतो? पान्याले जोर असते तवरच थे वर चढते. खालच्या बांध्या पयले भरल्या तं मंग उंचावरची कोरडीच राह्यते. लेकराचंबी तसंच. भूक हाय तवर जोर हाय. कमी हाय तिकडून पयले लाव, मंग थे बाजूबी चालू होईल."

ती बांधी, धानाचा तो बांध घातलेला उंच तुकडा, मला ठाऊक नव्हता का? लहानपणी पाण्याची पाळी आली की मी तुझ्यासोबत धानात उभी राहिले आहे. तू फावडं घेऊन खालच्या बांध्यांची तोंडं मातीने बुजवायचीस, आधी ती वरची ओली करून घ्यायचीस. शेजारचे लोक म्हणायचे, त्या खडकाळ तुकड्यावर कायले पानी घालवतेस, आणि तू हसायचीस. दरवर्षी त्या तुकड्यातही धान व्हायचं. मला सगळं समजलं, माय. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं. तरी मी म्हणाले, "पाणी आणि दूध एकच असतं का? जा आता, गाडी चुकेल."

तू गेलीस. तुला त्या पायरीवर थांबवणं एवढंच करायचं होतं, ते मला जमलं नाही. आदल्या दिवशी ज्या बाईंसमोर तुला बोलले होते, त्यांना उद्या काय तोंड दाखवू, हा विचार मला पोरीच्या दुधाहून मोठा वाटला. त्याच संध्याकाळी दुधाच्या पावडरीचा डबा घरात आला. पोर बाटलीला लागली, ओढायला सोपं म्हणून. डावी बाजू पंधरा दिवसांत आटली, उजवी दोन महिन्यांत. पोर नीट वाढली, त्याबद्दल देवाचे आभार, पण छातीशी धरलं की ती मान फिरवून बाटली शोधायची, ते मी अजून विसरले नाही.

लोक विचारायचे, एवढ्या लवकर वरचं दूध का? मी सांगायला लागले, आमची आई विसरभोळी, पिन बदलायचं विसरायची, डावीकडे दूध कमी तरी पिन तिकडेच, दुसरीकडचं वाया गेलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ थोडी अडखळली. नंतर त्याची गोष्ट झाली, मग गंमत झाली. बारशाला, लग्नकार्यात, दिवाळीत कोणीतरी म्हणायचं, सांग ना ती पिनची गोष्ट, आणि मी तुझी नक्कल करून सांगायचे. तू समोर बसलेली असायचीस. एकदा सगळे हसले तेव्हा तूही हसलीस आणि म्हणालीस, "हो वो, मले कायचं याद राह्यते!" माझ्याकडे मात्र पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस, एकदा तरी खोटं पाडलं असतंस, तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू मला सांभाळून घेतलंस, तेच मला सोसत नाही. पोर तर पिन विसरणारी आजी एवढीच तुला ओळखत मोठी झाली. तू गेलीस तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

काल दुपारी गावातल्या आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाला बघायला आल्या. वजन केलं, पोरीला बसवून पाजायला लावलं, बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, ज्या बाजूले कमी हाय, तिकडूनच सुरुवात करा. बाळ भुकेलं असते तेव्हा जोरानं ओढते, तं तिकडंबी वाढते. उजवीकडून मंग पाजा, तेबी मोकळं झालं पाहिजे." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो खाली ठेवला. पोरीने मोबाइल बाजूला केला, हसली आणि म्हणाली, "आई, मग पिनच दे ना एक. आजीसारखी." मी दिली. तिने ती डावीकडे लावली. लावता लावता ती थांबली. पोर हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे. म्हणाली, "आई, आजीची पिनही डावीकडेच असायची ना? तुझंही डावीकडेच कमी होतं. मग आजी विसरत नसेल. मुद्दाम ठेवत असेल."

एवढं सोपं झालं होतं, माय. नुसतं हो म्हणायचं होतं. अठ्ठावीस वर्षांचं ओझं तिने स्वतः उचलून माझ्या हातात दिलं होतं, खाली ठेव म्हणून. आणि मी म्हणाले, "छे गं. तिला कुठलं एवढं कळत होतं."

पोर बाळाकडे बघत राहिली. आज सकाळी बाळाने डावीकडे दहा मिनिटं दूध ओढलं, घोट ऐकू येत होते. मी दारात उभी राहून ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तू शेतातून शिकलीस ते पोरीच्या उपयोगी पडलं, आणि त्यावर तुझं नाव मी येऊ दिलं नाही.

हे पत्र तुला पोचणार नाही, ते माहीतच आहे. ते पोचायला हवं पलीकडच्या खोलीत, दहा पावलांवर, जिला तुझी खरी गोष्ट कधी कळली नाही तिच्याकडे. आत्ताच तिने हाक मारली, "आई, पिन कुठे ठेवलीस?" ती माझ्या बांगडीत अडकवलेली आहे, सकाळपासून. मी उठलेय, कागदही हातात घेतलाय. पण दारापाशी पोचले की मी पिन तिला देईन आणि कागद पदराखाली घेईन, हे मला इथूनच दिसतंय.