सम्राटाच्या पाठीमागची बाई

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले आहे ती किळस आली म्हणून. काल इथे परदेशात, फ्रिस्कोत, माझ्या मॅनेजरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मोठ्या टीव्हीवर आवाज बंद करून इराकचं युद्ध चालू होतं आणि लोक हातात प्लेट घेऊन किचनमधला ग्रॅनाइट बघत होते. वहिनींच्या गळ्यात सोन्याचं नाणं होतं, चार आण्याएवढं. "ओरिजिनल रोमन आहे यार," मॅनेजर म्हणाला. "जुनाट दिसत होतं, पॉलिश करून घेतलं." सम्राटाच्या डोक्यात भोक पाडून कडी घातलेली, आणि घासून घासून त्याच्या गालाचा पार साबण झालेला. वहिनींनी कौतुकाने साखळी काढून माझ्या हातात दिली.

मी नाणं उलटं केलं. तुम्हीच लावलेली सवय. नागपूरच्या शाळेत असल्याच नाण्याचं चित्र मी वहीत काढलं होतं, सम्राटाच्या पानांच्या मुकुटासकट, आणि शाबासकीची वाट बघत उभी होते. तुम्ही वही मिटून परत दिलीत. "राजाचं तोंड कुणीही काढेल. त्याने कुणाला रडवलं ते मागे असतं." तेव्हा तुमचा फार राग आला होता. वहिनींच्या नाण्याच्या मागे ती बसलेली आहे, हरलेल्यांच्या शस्त्रांनी सजवलेल्या खांबाखाली, डोकं हातावर टेकून. एक जिंकलेला देश, बाईच्या रूपात. एवढ्याशा सोन्यात तिच्या पाठीचा बाकसुद्धा कोरलाय.

त्यांची सहा वर्षांची मुलगी डोकावली. "व्हाय इज शी क्रायिंग?"

"तिच्या लोकांना मारलं, उरलेल्यांना गुलाम केलं," मी म्हणाले. "आणि जिंकणाऱ्याने त्याचं नाणं पाडलं."

"अगं, पार्टीत हे काय!" मॅनेजर हसला. "बेटा, ती बॅक साइड आहे. ती कोणी बघत नाही."

वहिनींनी नाणं परत घेऊन सरळ केलं. "रडत नाहीये गं, झोपलीय ती." मुलीला ते लगेच पटलं.

"नाही. रडतेय," मी पुन्हा म्हणाले. माझं ग्रीन कार्ड ज्याच्या सहीवर अडलंय तो शांतपणे म्हणाला, "आपण मंडेला बोलू."

उद्या मंडे. हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते. नाणं उलटं करण्याआधी, ते जड आणि वहिनींच्या अंगाच्या उबेने कोमट असं माझ्या तळहातावर पडलं, तेव्हा क्षणभर मला ते हवं होतं. माझ्या गळ्यात.