खळ्याचं वय

वर्तकनगर, ठाणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सहदेवदादा,

तुला आणि शेवंतीवहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? कृतिकाची परीक्षा जवळ आली असेल. आम्ही ठीक. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसला पोचायला आता तास-दीड तास लागतो.

परवा फोनवर म्हणालास, "कल्पे, तुझ्या दगडांना सरकारी पाटी हाय, माझ्या पोरीला छप्पर नाय." मी हसले. हसायला नको होतं. जुनं घर पाडून दोन पावसाळे तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढलेत, आणि नव्याची परवानगी अडली आहे ती आपल्या खडवलीच्या अवशेषांमुळेच. जोतं, गोठ्याची फरसबंदी, विहीर, मळणीचं खळं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं घरठाण, संरक्षित. बांधकामबंदीची हद्द खळ्याच्या कडेपासून मोजली, म्हणून तुझी जागा आत आली.

दादा, खळं जुनं नाही.

मी पाचवीत असताना माझ्या बाबांनी आणि तुझ्या बाबांनी ते केलं. तू तेव्हा कल्याणला मामाकडे शिकायला होतास. फुटकी कौलं ठेचून भराव घातला, वर माती चोपली, कडेला जोत्याचेच निखळलेले दगड लावले. पाहणीला आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या विनीत सरांनी विचारलं, "हे केव्हाचं?" मी म्हणाले, "पणजोबांच्याही आधीचं." शेजारची जमीन घेतलेल्या प्लॉटवाल्याचा जेसीबी जोतं उखडायला टपून उभा होता. संरक्षण मिळायला नुसतं जोतं पुरणार नाही, अशी भीती वाटली.

एवढंच कारण असतं तर बरं झालं असतं. वाटणीत रस्त्याकडची जागा तुमच्याकडे गेली, ते मला सलत होतं. हद्द तुझ्या अंगणातून जाणार हे नकाशावर दिसलं, तेव्हाही मी गप्प राहिले. सहा वर्षं.

आज दुपारी खात्याच्या कार्यालयात लेखी जबाब दिला. कुठे खणलं की कौलं लागतील तेही लिहिलं. विनीत सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, आता प्लॉटवाला जोत्यावरही शंका घेईल."

घेईलच. जोतं खरं आहे, पण सांगणारी मी आहे.

पुढच्या शुक्रवारी तिथेच सुनावणी आहे. तू ये. हवं तर माझ्याशी बोलू नकोस. पण जोतं खरं आहे, एवढं तू सांग. ज्याचं घर अडलं त्याचं तरी ते ऐकतील.

हे मागायचा हक्क नसलेली,
कल्पिता