दाढीचा फेस आणि झोपलेली बॅटरी

ताई,

तुला नमस्कार आणि भाऊजींना जरा जास्त वाकून (गुडघ्यामुळे त्यांना वाकवत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचंही मीच वाकतो). आमच्याकडे सगळे मजेत. म्हणजे, आता मजेत.

मंगळवारी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन महिने थांबून मिळालेली तारीख, नऊची वेळ. आठ वाजता त्यांना मागच्या सीटवर बसवून किल्ली फिरवली, तर गाडी नुसतीच 'टक' म्हणाली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही म्हणेना. आदल्या संध्याकाळी सीटखाली चष्मा शोधताना मी आतला दिवा लावला होता (चष्मा डोक्यावरच होता, त्यावर घरात पुरेसं बोलून झालंय). तो दिवा तसाच जळत राहिला आणि बॅटरी पार झोपली. टॅक्सीवाला तासभर लागेल म्हणाला. बायकोने वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. जंपर केबल होती फक्त वरच्या शेजाऱ्याकडे, आणि त्याच्याशी माझा आठ महिने अबोला (जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून, जास्त विचारू नकोस).

बेल वाजवली. दार उघडलं तर त्याच्या गालभर दाढीचा फेस. जिना चढताना जुळवलेलं माफीचं वाक्य मी विसरलो आणि नुसतंच "बॅटरी" म्हणालो. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, केबल उचलली आणि तसाच फेसासकट खाली आला. स्वतःची गाडी आमच्या गाडीसमोर आणून लावली, लाल वायर प्लसला, काळी मायनसला जोडली. तेवढ्यात सासऱ्यांनी (त्यांना सगळं धूसर दिसत होतं) दार उघडून हाक मारली, "अहो आजोबा, या वयात कशाला त्रास घेताय? तुम्ही आत बसा, धक्का मी मारतो!"

शेजारी इतका हसला की अर्धा फेस माझ्या शर्टावर. मग मलाही आवरेना. "एक कप्पा तुला देतो रे स्टँडमधला," तो डोळे पुसत म्हणाला, आणि मी किल्ली फिरवली तर गाडी खाकरून सुरूच झाली! "वाटेत बंद करू नकोस!" तो फाटकापर्यंत ओरडत आला.

नऊला पाच कमी असताना पोचलो. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर शेजारी भेटायला आला, गुळगुळीत दाढी करून. सासरे त्याला म्हणाले, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. फार धावपळ केली त्यांनी."

"सांगतो," तो गंभीरपणे म्हणाला.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे येतोय. तुमच्या दारासमोरच्या उतारावरून भाऊजींची गाडी तेवढी हलवून ठेव. आमची तिथेच लावावी लागेल, तोंड खाली करून.

ता. क. २. नवी बॅटरी का घेत नाही, असं विचारशील. दुकानापर्यंत जायला गाडी सुरू व्हावी लागते, ताई.