मेपर्यंत जर्मन व्हायचं

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ६.
जर्मनीहून परत येऊन तीन दिवस झाले. गावात अजून एकानंही 'जर्मनी कशी आहे' विचारलेलं नाही. थंडी लय होती का, एवढं विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत, आमची ऊसतोड अजून आली न्हाय, हे सुरू करतात. मी दोन तासांचं मटेरियल घेऊन आलोय.

मे महिन्यात सूनबाईंची, म्हणजे माधवीची, दुसरी डिलिव्हरी. तेव्हा पुन्हा जायचंच. एअरपोर्टवर मुलाला, अविराजला विचारलं, मे महिन्याचं कसं? तो म्हणाला, बघू, आप्पा. कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं मीही रजेच्या अर्जाला 'बघू'च म्हणायचो. त्यातल्या काहींना रजा मिळालीही.

मागच्या वेळी किरकोळ गैरसमज झाले, हे मान्य. रविवारी भिंतीत खिळा ठोकला. शेजारचे तिघं दारात आले. मला वाटलं ओळख करून घ्यायला आलेत, चहा टाकायला सांगितला. ते चहासाठी आलेले नव्हते. बाल्कनीतून फोनवर बोललो, त्याचीही तक्रार. आता इकडं गावी, लासुर्ण्याला ऐकू जायचं तर आवाज नको का लावायला?

संकल्प : मेपर्यंत पक्का जर्मन व्हायचं. अविराजनं स्वतःहून तिकीट पाठवलं पाहिजे.

१३ जानेवारी. दुपार.
तिकडची सर्वात मोठी गोष्ट म्हणजे प्रायव्हसी. नव्वद दिवसांत एकाही माणसानं मला 'कुठं निघालात' विचारलं नाही. रोज घराजवळच्या बसस्टॉपवर जाऊन बसायचो. बसमध्ये चढायचो नाही. वक्तशीरपणाचा अभ्यास. शेजारी माणसं यायची, जायची, मान वर करायची नाहीत. काय ती संस्कृती! आणि इथं? फाट्यापर्यंत जायचं म्हटलं तरी दहा जणांना जबाब द्यायचा.

फाटकावर पाटी लावली : 'भेटीपूर्वी फोन करावा.' ही म्हणाली, कुणासाठी? म्हटलं, सगळ्यांसाठी. म्हणाली, मग दूधवाल्यानं बी फोन करायचा का? त्याला सूट दिली.

१४ जानेवारी. संक्रांत.
पाटीला आजच्यापुरती स्थगिती. बायका आल्या, पाटी मोठ्यानं वाचून हसल्या आणि आत घुसल्या. एकीनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवत सांगितलं, आप्पासाहेब, गोड बोला, फोनवर न्हाय.

१६ जानेवारी. सकाळी ८.
सिस्टिम चालू झाली. ज्ञानू आला. शाळेपासूनचा दोस्त, पोस्टातून रिटायर. आमच्याकडे सकाळी सातचा चहा घेतल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नाही. मी न बोलता पाटीकडे बोट दाखवलं. हा गडी फाटकाबाहेर गेला, तिथंच उभं राहून फोन लावला. आप्पा, येऊ का? मी डायरी उघडली. साडेदहाचा स्लॉट दिला. म्हणाला, आरं, साडेधाला कसला चहा, तवा भाकरीची भूक लागती. थोडा वेळ उभा राहिला, मग गेला.

ही आतून सगळं ऐकत होती. कप जोरात आपटला. फुटला नाही. जर्मनीतून आणलेला होता.

१९ जानेवारी, रविवार.
आज रविवारची शांतता पाळायची. तिकडं रविवारी टाचणी पडलेली ऐकू येते. इथं पहाटेपासून उसाचे ट्रॅक्टर, त्यावर डबड्याएवढा स्पीकर आणि गावाएवढा आवाज. एकाला हात करून थांबवलं, गाणं बंद कर म्हटलं. तो म्हणाला, आबा, गाणं बंद केलं की मला झोप लागती, मग ट्रॉली डायरेक तुमच्या अंगणात. मुद्दा सेफ्टीचा होता, जर्मनांनीही मानला असता. त्याला म्हटलं, वाजव बाबा.

२७ जानेवारी.
कचऱ्याचं वर्गीकरण. बारामतीहून चार रंगांच्या बादल्या आणल्या. संध्याकाळपर्यंत हिरवीत गाईची पेंड भिजत होती, पिवळीत कांदे होते, निळी न्हाणीघरात गेली होती. काळी कुठं आहे ते ही सांगत नाही. बादल्या झ्याक हायत म्हणते. कचरा होता तिथंच, उकिरड्यावर. वर्गीकरण पुढच्या टप्प्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार.
ज्ञानू आलेला नाही. फोनही नाही. त्यामुळे भरपूर वेळ मिळतोय. पेपर तीनदा वाचतो, जाहीर नोटिसांसकट.

आज हिचा व्हिडिओ कॉल. अविराजच्या खालच्या मजल्यावर हिल्डेगार्ड नावाची म्हातारी राहते. तिकडं असताना ही तिच्याकडे रोज जायची, फोन न करता, हातात भाकरी घेऊन. हिला जर्मन येत नाही, तिला मराठी येत नाही. तासभर बोलल्या. तिनं विणलेला मोजा दाखवला, हिनं चुलीवरचं वांगं दाखवलं. काय म्हणाली, विचारलं, तर म्हणे, तिचं बी गुडघं दुखत्यात. मी मोबाइलवर जर्मनचे चाळीस धडे केलेत. मध्ये तोंड घालून 'गुटेन टाग' म्हटलं, तर म्हातारीनं हिला विचारलं हे कोण. निदान मला तरी तसंच वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
देवळाच्या सभामंडपात माझं व्याख्यान, 'जर्मनी आणि आपण'. वेळ पाच. ठीक पाचला सुरू केलं. श्रोते : माइकवाला सुयोग आणि पायरीवर झोपलेलं कुत्रं. डगमगलो नाही. ठीक सहाला आभार मानले. सहा वाजून पाच मिनिटांनी माणसं यायला लागली. चांगली चाळीसेक! करा की आप्पा सुरू, म्हणाले. म्हटलं, झालं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मग त्यांनी मी आणलेले पेढे खाल्ले आणि ऊसतोडीच्या गप्पा मारल्या. सुयोगला विचारलं, कसं झालं? म्हणाला, आवाज क्लिअर व्हता.

ज्ञानू त्या चाळिसात नव्हता. मी नीट बघितलं.

१६ मार्च, रविवार.
अविराजचा फोन. तिकीट काढलं. एकच. आईचं.

म्हणाला, आप्पा, घर लहान आहे. म्हटलं, मी हॉलमध्ये झोपेन, खिळा ठोकणार नाही, बाल्कनीत जाणार नाही. म्हणाला, तसं नाही आप्पा, तुम्हाला इथं करमत नाही. कोण म्हणतं, म्हटलं. तेवढ्यात नात, स्वरूपा, स्क्रीनमध्ये घुसली. म्हणाली, आबा, तुम्ही इथं नाही तर मग बसस्टॉपवर कोण बसतं? अविराज म्हणाला, दिवसभर बसायचात तुम्ही. पावसात पण. कामावरून येताना लांबून दिसायचात.

सांगितलं, तो अभ्यास होता. स्क्रीनवर दोघंही जागच्या जागी थिजले. नेटवर्क असावं.

ऊस आहे, गाय आहे. घर बंद ठेवता येत नाही. एकानं थांबणं गरजेचंच होतं. हा निर्णय खरं म्हणजे माझाच.

२० एप्रिल, रविवार.
हिला पुण्याला विमानात बसवून आलो. बॅगेत डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ, हिल्डेगार्डच्या गुडघ्याला तेल. नवऱ्यासाठी सूचना दोन. एक, गाईला वेळेवर पाणी. दोन, ती पाटी काढा आन् ज्ञानूभावजींना बोलवा. पहिली मान्य केली.

२४ एप्रिल.
घर आता शंभर टक्के जर्मन झालंय. कुणी येत नाही, कुणी हाक मारत नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल. मुद्दाम पाडून पाहिली. आली ऐकू.

दुपारी पाटी काढली. स्क्रू गंजले होते म्हणून. संध्याकाळपर्यंत फाटकाकडे तोंड करून बसलो. कुणी आलं नाही. पाटी लावल्याचं गावभर होतं, काढल्याचं कळायला वेळ लागणार. ज्ञानूला फोन करावा म्हटलं, पण काय बोलायचं? ये म्हणून फोन त्याला जन्मात केलेला नाही. कधी गरजच पडली नव्हती.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ११.
सातला चहा टाकला. सवयीनं दोन कप. मग दोन्ही ओतून दिले आणि फाट्यावर एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. वक्तशीरपणाचा तुलनात्मक अभ्यास. इंदापूर गाडी चाळीस मिनिटं लेट. बारामतीची आलीच नाही.

पण कुठं निघालात आप्पा? पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी विचारलं. मग दूधवाल्यानं, मग एका म्हातारीनं, मग गाडीच्या कंडक्टरनं दारातून. काय सांगणार? बारामतीला, म्हटलं. इंदापूरला, म्हटलं. एकाला तर अकलूज सांगून टाकलं. तो म्हणाला, मग जावयाला सांगतो, मोटरसायकलवर सोडंल. त्याला घालवताना नाकी नऊ आले. मोजायचं सोडून दिलं. डोळ्यांत धूळ गेली होती, हे लिहून ठेवतो.

मग ज्ञानू आला. पिशवीत मेथी. थोडा लांबच थांबला. अपॉइंटमेंट न्हाय, बसू का, म्हणाला. सरकलो. कुठं निघाला, म्हणाला. म्हटलं, कुठं नाही. मग हितं काय करतुयास? म्हटलं, अभ्यास. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं. म्हणाला, चहा झाला का? म्हटलं, नाही. चल, म्हणाला.

त्याच्या घरी गेलो. फोन न करता. पुतळाबाई वहिनींनी कपभर चहा दिला आणि ओसरीवर बसून विचारलं, व्हय भावजी, जर्मनी कशी हाय? सगळ्या गावात पहिल्यांदाच कुणी विचारलं. दोन तासांचं मटेरियल तयार होतं.

म्हटलं, लांब आहे.