झाकलेली दुसरी रेघ

मंगळवार, संध्याकाळ. श्रीपूर.

आज साहेबांशी वाद घातला. जरा जास्तच बोलले का? नाही, बरोबरच बोलले.

बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत वाफेचे दोन पाइप. उद्या एक दुरुस्तीला बंद, दुसऱ्यावर कारखाना चालू. माझ्या नकाशात मात्र बॉयलर आणि टर्बाइनच्या चौकटींमध्ये एकच रेघ दिसत होती. सॉफ्टवेअरनं दुसरी रेघ नेमकी पहिलीवरच बसवली होती.

साहेब म्हणाले, "असू दे की. सगळ्यांना ठाऊक हाय."

म्हटलं, "उद्या पाइप कापणारा वेल्डर मंद्रूपहून आलाय, नवा आहे. त्याला कुठून ठाऊक असणार?"

मग बसून नकाशा दुरुस्तच केला. दुसऱ्या रेघेची टोकं चौकटींच्या खालच्या कडांना जोडली, मधे वळण दिलं, रंग लाल केला आणि वर लिहिलं, 'चालू'. दहा मिनिटांचं काम. दोन्ही रेघा स्वच्छ वेगळ्या.

कागद घेऊन स्वतः वेल्डरकडे गेले. त्यानं लाल रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडम, ही खालची चालू राहणार व्हय?"

"व्हय. तिला हात लावायचा नाही."

तो मग म्हणाला, "कापायची खूण मी त्या चालू पाइपवरच करून आलोय," आणि खडू पुसायला फडकं घेऊन पळाला.