मागच्या सीटचे हेल्मेट

बाईसाहेब,

तू अंघोळीला गेली आहेस, म्हणून लिहून ठेवतो. उस्तादने तुझ्या मोटरसायकलला बसवलेला कर्णकर्कश सायलेन्सर काढून मी मूळचा लावला आहे. आज तू निघाली आहेस त्या शर्यतींच्या उत्सवात तो शोभेलही. तिथवरच्या रस्त्यावर मात्र तो बेकायदेशीर आहे. उस्तादने ऐटीत तिरकी केलेली नंबरप्लेटही मी सरळ केली. विम्याचे कागद आणि तुझा परवाना जाकिटाच्या आतल्या खिशात आहेत.

मेकॅनिक म्हणून उस्ताद उत्तम आहे, याविषयी वाद नाही. परंतु काल फोनवर तू त्याला म्हणालीस, "बस की रे माझ्या मागे, जागा आहे!" हे वाक्य माझ्या वाट्याला शेवटचे आले ते लग्नाआधी. उत्सवाचे नाव काढले की दरवर्षी मीच नाक मुरडत आलो, हेही तितकेच खरे.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. ते खुंटीवर शोधू नकोस. ते घालून मी खाली गाडीच्या मागच्या सीटवर बसलो आहे. तिघांनी एका गाडीवर जाणे कायद्यात बसत नाही. तेव्हा उस्तादला कळव, त्याने बसने यावे.

– तुझा नवरा